पिवळ्या पाकिटाची सद्दी

राजे मेले म्हणजे बखरकार तिथी लिहून ठेवतात, नट मेले म्हणजे वर्तमानपत्रे काळी चौकट छापतात, आणि सामान्य माणूस मेला तरी निदान नगरपालिकेच्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरात त्याची एक ओळ होते. परंतु ज्या वस्तूने दोन-तीन पिढ्यांची बोटे, मिशा, सदऱ्याचे खिसे आणि फुप्फुसे यांवर अव्याहत अंमल गाजवला, ती वस्तू एके दिवशी पानपट्टीच्या फळीवरून नाहीशी व्हावी आणि तिच्या जाण्याची तारीख सोडाच, साल सांगणारासुद्धा कोणी उरू नये, ही मोठी कृतघ्नता होय. चारमिनार सिगारेटच्या बाबतीत आमच्या परभणीत हे असेच घडले. हैदराबादचा कारखाना नांदतो आहे, कंपनीचे समभाग बाजारात विकले जात आहेत. परंतु दुकानाच्या खांबाला टांगलेल्या जळत्या सुतळीपुढे लवून जी पेटवावी लागे, जिच्या पहिल्या झुरक्याला नवख्याच्या डोळ्यांत पाणी येई आणि जुन्याच्या डोळ्यांत तेज येई, ती बिनफिल्टरची पिवळ्या पाकिटातली सिगारेट शेवटची कोणी विकली आणि कोणी ओढली, याचा पुरावा आज मिळत नाही.

प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट आहे. तंबाखूचा कैवार घेण्यासाठी हा लेख नाही. तंबाखू घातक आहे, हे मत माझे आहे, डॉक्टरांचे आहे, सरकारचे आहे आणि पाकिटावर छापून विकणाऱ्या कारखानदाराचेही आहे. इतके मतैक्य आपल्या देशात दुसऱ्या कोणत्याही प्रश्नावर आढळत नाही. मी लिहितो आहे ते केवळ एका पाकिटाच्या राजवटीविषयी. ही राजवट ज्या मुलखात चालली, तेथे इतर राजवटी इतक्या झपाट्याने बदलत गेल्या, की टिकाऊ म्हणून दाखवावे असे रयतेच्या हाती दुसरे फारसे काही राहिले नव्हते.

वझीर सुलतान या गृहस्थांनी १९१६ साली हैदराबादेत हा धंदा मांडला आणि १९३० साली त्याची रीतसर कंपनी झाली. तिकडे कलकत्त्यास इम्पीरियल टोबॅको कंपनीने १९१० सालीच ठाण मांडलेले होते आणि उभ्या हिंदुस्थानचे ओठ आपल्या तावडीत आणण्याचा तिचा निर्धार होता. परंतु निजामाचे राज्य म्हणजे हिंदुस्थानच्या पोटातले वेगळेच प्रकरण होते. त्याचे टपाल निराळे, रेल्वे निराळी, नाणे निराळे, सन निराळा, आणि सरहद्द ओलांडून येणाऱ्या मालावर करोडगिरी नावाची जकात बसवणारे खातेही निराळे. करोडगिरीच्या नाक्यावरचा शिपाई प्रवाशाची वळकटी उलगडून पाही आणि नंतर ती पुन्हा पहिल्यासारखी बांधण्याची जबाबदारी औदार्याने प्रवाशावरच सोपवी. अशा मुलखात घरच्या कारखान्यात तयार झालेली, राजधानीच्या मानबिंदूचे नाव धारण करणारी सिगारेट लोकांनी आपली मानली, यात नवल नाही.

त्या मानबिंदूची आणखी एक गंमत आहे. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ साली चारमिनार बांधला, आणि पुढे निजामाच्या टांकसाळीने तोच चारमिनार चांदीच्या रुपयावर उठवला; शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या रुपयावर तर त्याच्या कमानीत त्यांच्या नावाचे आद्याक्षर ‘ऐन’ विराजमान असे. यास्तव पानपट्टीवर रुपया मोडायला गेलेला इसम एक चारमिनार गल्ल्यात टाकी आणि दुसरा चारमिनार खिशात घाली. पहिल्याने घर चालावयाचे, दुसऱ्याने डोके. आणि महिनाअखेरीस पहिला संपला तरी दुसरा उधारीवर मिळत असल्यामुळे, डोके चालते आणि घर थांबलेले, ही त्या काळच्या नोकरदार वर्गाची नित्याची अवस्था होती.

खुद्द निजामसरकारांविषयी अशी आख्यायिका आहे की, ज्यांना १९३७ सालच्या फेब्रुवारीत ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने जगातील सर्वांत धनाढ्य पुरुष म्हणून मुखपृष्ठावर छापले आणि ज्यांच्या टेबलावर जेकब हिरा कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असे, ते स्वतः चारमिनारच ओढीत, आणि पाहुण्याने अर्धवट टाकलेले थोटूक वाया जाऊ देत नसत. आख्यायिकेतला खरेखोटेपणा इतिहाससंशोधकांनी तपासावा. आमच्या गावातील कारकून मात्र तिचा उपयोग निराळ्याच कामी करीत. पत्नीने सिगारेटच्या खर्चाविषयी विचारणा केली की ते धीरगंभीर मुद्रेने सांगत, “अहो, खुद्द हुजूर हीच ओढतात.” यावर त्या काळच्या बऱ्याच गृहिणींचे उत्तर ठरलेले होते: “मग हुजुरांएवढा पगारही आणा.”

कचेरीत कोण कोणाच्या वर बसतो, हे समजण्यासाठी खुर्च्या पाहण्याची गरज नसे, राखदाणी पाहिली की पुरे. वरच्या साहेबांच्या टेबलावर कॅप्स्टनचा गोल डबा असे, आणि तो उघडताना येणारा फुस्स असा आवाज बाहेर बाकावर बसलेल्या अर्जदाराला आपल्या क्षुद्रत्वाची जाणीव करून देई. त्याखालच्या हुद्द्यावर कैंचीछाप. तिच्याखाली सारा अहलेकार म्हणजे कारकूनवर्ग, ज्याची एकमुखी निष्ठा चारमिनारवर. आणि सर्वांत खाली, परंतु वास्तविक ज्याच्या हातात सर्व फाइलींची गती होती, तो चपराशी विडीवर. बढती मिळालेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी कैंचीछाप काढली की कचेरी हळहळे, कारण मैत्री तुटल्याची ती जाहीर नोटीस असे. उलट एखाद्या तहसीलदाराने दौऱ्यावर असताना “जरा तुमची एक द्या पाहू” म्हणून कारकुनाकडे हात पसरला, तर त्या एका चारमिनारीची हकीकत पुढे दहा वर्षे सांगितली जाई, आणि दरवर्षी तीत तहसीलदारांची नम्रता थोडी वाढत जाई.

या वर्गाचे मूर्तिमंत प्रतिनिधी म्हणजे आमच्या गल्लीतले पेशकारसाहेब. शेलाटा बांधा, शेरवानीची वरची गुंडी सदैव लावलेली, आणि उजव्या हाताची दोन बोटे हळदीच्या कार्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी पिवळी. या गृहस्थांनी आपले राहते घर उभ्या जन्मात बदलले नाही, तरीही ते किती राज्यांत राहून आले याचा हिशेब थक्क करणारा होता. जन्मले ते निजामाचे प्रजाजन म्हणून. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते हिंदी संघराज्याच्या छत्राखाली आले. (त्याआधीच्या वर्षभरात आमच्या मुलखाने जे भोगले, ते विनोदी लेखात लिहिण्याजोगे नाही, पेशकारसाहेबही त्याविषयी बोलत नसत.) १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, तेव्हा ते अंथरुणात झोपले हैदराबाद राज्यात आणि उठले मुंबई राज्यात, तसेच १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी कचेरीवरची पाटी बदलली, छापील नमुने बदलले, दप्तराची भाषा उर्दूवरून इंग्रजीकडे आणि मराठीकडे सरकली, आणि कालपर्यंतचे पेशकार कागदोपत्री अव्वल कारकून झाले. निजामाचा हाली सिक्का गेला आणि हिंदुस्थान सरकारचा कलदार आला. सात हालींचे सहा कलदार हे गणित जेमतेम अंगवळणी पडते न पडते तोच १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, आणि आण्याचे सहा की सव्वासहा या वादात पानपट्टीवर दोन महिने रोज थोडीथोडी बाचाबाची होत राहिली.

या साऱ्या उलथापालथीत पेशकारसाहेबांच्या वरच्या खिशातला पिवळा चौकोन तेवढा जागचा हलला नाही. किंबहुना प्रांतरचनेने चारमिनारचा एक विलक्षण बहुमान केला असेच म्हटले पाहिजे: तिचा कारखाना आंध्रात, आणि जुन्या राज्याचे तिचे ओढणारे आंध्र, म्हैसूर आणि मुंबई अशा तीन राज्यांत विभागले गेले. बिदर-गुलबर्ग्याचा कानडी शिक्षक, वरंगलचा तेलुगू गुमास्ता आणि परभणीचा मराठी कारकून यांची विधानसभा एक राहिली नाही, खोकला एक राहिला. राज्यपुनर्रचना आयोगाच्या नजरेतून हे ऐक्य निसटले ते बरेच झाले. नाहीतर या एका मुद्द्यावर कोणीतरी चौथे राज्य मागितले असते.

पेशकारसाहेबांच्या घरी कोरा कागद विकत आणल्याचे कोणाला स्मरत नाही. सिगारेट संपली की ते पाकिटाचे चिकटवलेले जोड नखाने अलगद सोडवीत, ते उलटे करून मांडीवर सपाट करीत, आणि आतल्या कोऱ्या बाजूवर लेखन चाले. उर्दू मसुदा उजवीकडून सुरू होई, सौभाग्यवतींनी सांगितलेली बाजाराची यादी मराठीत डावीकडून सुरू होई, आणि पाकीट लहान असल्यामुळे दोन्ही लिप्यांची मधोमध गाठ पडे. त्यांच्या मागे राहिलेल्या गठ्ठ्यातले एक पाकीट मी स्वतः पाहिले आहे. त्यात ‘हुजूर की खिदमत में अर्ज है कि’ हे वाक्य उजवीकडून मोठ्या डौलाने निघून ‘शेंगदाणे अर्धा शेर’ यावर आदळले आहे, आणि हुजुरांकडे नेमके काय मागावयाचे होते ते शेंगदाण्यांखाली कायमचे गाडले गेले आहे.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा लढाही याच पाकिटांवर लढला गेला. निजामी दप्तरात त्यांची जन्मतारीख फसली सनात नोंदलेली होती: महिना दय, सन १३२०. आता फसली सनाचा इसवी सन करताना वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत ५९० आणि नंतरच्या महिन्यांत ५९१ मिळवावे लागतात, कारण फसली वर्ष आक्टोबरात आझुर महिन्याने सुरू होई. दय हा आझुरच्या पाठोपाठ येणारा महिना. सबब ५९० मिळवून जन्म १९१० साली ठरतो, आणि पंचावन्नाव्या वर्षी निवृत्ती. परंतु ५९१ मिळवल्यास नोकरीचे आणखी एक वर्ष पदरात पडते, हे पेशकारसाहेबांच्या लक्षात आल्यावर त्यांना कालगणनाशास्त्राची जी गोडी लागली, ती केवळ अपूर्व होती. त्यांनी जुन्या जंत्र्या धुंडाळल्या, मौलवींना गाठले, जोशीबुवांना गाठले, आणि नोकरीच्या अखेरच्या हिवाळ्यात रोज दोन-तीन पाकिटे उलगडून त्यांवर बेरजा मांडल्या. त्या सर्व बेरजांचे उत्तर ५९१ येई. कचेरीने शांतपणे ५९० मिळवले आणि निरोपाचा हार मागवला. पेशकारसाहेबांनी हार घेतला, चहा घेतला, आणि भाषणात एवढेच म्हटले की, “सरकार कोणतंही असो, बेरीज त्याच्याच सोयीची.”

चारमिनार ओढणे ही साधी गोष्ट नव्हती, तिला काही एक तयारी लागे. प्रथम सिगारेट काडेपेटीवर चार-पाच वेळा उभी ठोकावयाची, म्हणजे आतला तंबाखू खाली बसतो आणि वरचे टोक किंचित पोकळ होते. ती ओठांत धरताच तंबाखूचा एखादा तंतू जिभेवर येई. तो थुंकण्यात माणसाचे घराणे दिसे. नवखा तो तोंड वेडेवाकडे करून बोटांनी काढी. मुरलेला मात्र बोलणे न थांबवता, जिभेच्या टोकावरून ‘थूत्’ असा एक सूक्ष्म आवाज करून त्याला वाटेला लावी. पेशकारसाहेबांच्या संभाषणातले पूर्णविराम बहुतांशी याच जातीचे होते. खेड्यातून येणारी पाटील मंडळी सिगारेट करंगळीच्या बेचक्यात उभी धरून, मूठ वळून, अंगठ्याशी ओठ लावून चिलमीसारखा दम मारीत, आणि अशा दमाला अर्धी सिगारेट एका खेपेत राख होई. उरलेले थोटूक ओठांना चटका देण्याइतके लहान झाले की कचेरीतले काटकसरी लोक त्याला टाचणी टोचून, टाचणीच्या आधाराने अखेरचे दोन झुरके वसूल करीत. टाचणी अर्थातच सरकारी असे.

पानपट्टीवाल्या चाचांचा आणि पेशकारसाहेबांचा संवाद मी लहानपणी इतक्यांदा ऐकला आहे की तो मला रामरक्षेइतकाच पाठ आहे.

“क्या पेशकारसाब, आज पूरा पाकीट होना, के दोच?”

“दोच देव. और पिछला हिसाब?”

“हिसाब को क्या होता जी, रहता वो. हिसाब भाग के किधर जाता?”

हा प्रश्न चाचांनी किती सरकारे बदलली तरी त्याच सुरात विचारला, आणि त्याला पेशकारसाहेबांनी कधीही उत्तर दिले नाही.

आम्हा मुलांना चारमिनारविषयी आदर नव्हता, त्याला कारण अर्थशास्त्रीय होते. रस्त्यावर पडलेली रिकामी पाकिटे गोळा करून ती वर्तुळात रचायची आणि लांबून ठिकरी मारून बाहेर उडवायची, हा आमचा खेळ. त्यात प्रत्येक पाकिटाची किंमत त्याच्या दुर्मीळपणावर ठरलेली असे. पासिंग शोच्या पाकिटाला, त्यावरच्या उंच टोपीवाल्या साहेबासह, भरपूर भाव होता. कोणाच्या तरी मुंबईच्या मामाने फेकलेले पाचशेपंचावन्नचे पाकीट ज्याच्याकडे असे, तो उन्हाळाभर गल्लीचा सावकार म्हणून मिरवे. चारमिनारला मात्र सर्वांत खालचा दर, कारण उकिरड्यावर पाहावे तर सर्वत्र पिवळेच पिवळे. वडील ज्या वस्तूवर पगार उधळीत होते, तिची बाजारातली खरी किंमत मुलांनी अशी दररोज भरचौकात जाहीर करावी, हा घोर उपमर्द होता. परंतु एकाही वडिलांना तो समजल्याचे दिसले नाही. आम्ही गोळा केलेल्यांतली निम्मी पाकिटे कोरी नसून आतून शेंगदाण्यांनी आणि हुजुरांनी भरलेली असत, हे सांगायला नकोच.

पुढे महाविद्यालयात गेल्यावर चारमिनारकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तेथे ती दारिद्र्याची नव्हे, विचाराची खूण होती. जो फिल्टरची ओढतो तो भांडवलशाहीचा हस्तक, जो विडी ओढतो तो श्रमिकांचे सोंग घेणारा, आणि जो चारमिनार ओढतो तोच खरा विचारवंत, असा निवाडा वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर एकमताने झाला होता. नवकविता, क्रांती आणि मेसचे थकलेले बिल या तिन्ही प्रश्नांचा ऊहापोह एकाच पाकिटावर पहाटेपर्यंत चाले, आणि पाकीट संपले की क्रांतीही स्थगित होई. ही भावना केवळ आमचीच नव्हती. दूर कलकत्त्यास सत्यजित राय यांनी १९६५ साली निर्माण केलेला फेलुदा हा गुप्तहेर गुंतागुंतीच्या गुन्ह्यांची उकल चारमिनार ओढीतच करतो. आमच्यापैकी एकानेही गुन्ह्याची उकल केली नाही. बव्हंशी आम्ही त्या गुन्ह्यातले साथीदारच ठरलो.

तिची सद्दी कशी संपली, याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली बरीचशी राजपत्रात छापलेली आहेत. १९७५ च्या कायद्याने पाकिटावर इशारा आला. पेशकारसाहेबांनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि मसुद्याच्या भाषेत ‘हानिकारक’ पुढे ‘असल्याचे समजते’ हे शब्द हवे होते, असा शेरा दिला. पुढे कंपनीने जाहिरातींतून जॅकी श्रॉफसारखा देखणा तरुण उभा करून आपल्या गिऱ्हाइकाला निवांत होण्याचा सल्ला दिला, परंतु चारमिनारचा खरा गिऱ्हाईक जन्मतःच निवांत असल्यामुळे त्याला या सल्ल्यात नवीन असे काही आढळले नाही. १९८७ साली सरकारने अबकारी कर किमतीऐवजी सिगारेटच्या लांबीवर बसवला. जे सरकार आजवर माणसाचे वय मोजताना ५९० धरीत होते, ते आता सिगारेट मिलिमीटरमध्ये मोजू लागले. फिल्टर स्वस्त झाला, पांढरपेशांची मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस जाऊन तेथली पाकिटे घेऊन परतू लागली, आणि ज्यांच्या जिभेला तो कडकपणा हवा होता, ती मंडळी एकामागून एक वर जाऊ लागली. ‘वर’ या शब्दाचा अर्थ काहींच्या बाबतीत हृदयरोगाचा वॉर्ड असा घ्यावा, कारण तो दुसऱ्या मजल्यावर होता. २००८ च्या गांधीजयंतीपासून सार्वजनिक ठिकाणी ओढणे बंद झाले. २०२० साली महाराष्ट्र शासनाने सुटी सिगारेट विकण्यासच बंदी केली. “दोच देव” हे वाक्य तेव्हापासून आमच्या राज्यात बेकायदेशीर आहे.

पेशकारसाहेबांचे चिरंजीव आता स्वतः सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवलेले आहेत, आणि खिशात साखर मोजण्याचे यंत्र असते. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी पानात वडिलांच्या आवडीचे काहीतरी असावे, या हट्टाने ते यंदा मला घेऊन स्टेशनरोडवरच्या पानपट्टीवर गेले. चाचा केव्हाच अल्लाला प्यारे झाले होते, आणि गादीवर त्यांचा नातू कानात तारा घालून बसला होता.

“चारमिनार आहे का रे?” चिरंजीवांनी विचारले.

नातवाने एका कानातली तार काढली, आमच्या दोघांच्या वयाकडे पाहिले, आणि अत्यंत अदबीने म्हणाला, “आजोबा, ती गाडी इकडून न्हाई जात. तुमी असं करा, देवगिरीनं सिकंदराबादला उतरा, तिथून चारमिनारला ऑटो मिळतंय.”

चिरंजीवांनी त्याचे आभार मानले, बडीशेपेच्या दोन पुड्या घेतल्या आणि पैसे देण्यासाठी खिशात हात घातला, तेव्हा नातू म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की आजोबा, नंतर द्या.”

“नको,” चिरंजीव घाईघाईने म्हणाले, “आमच्याकडं तुमची आधीचीच बाकी निघेल.”